फोनच्या कॅमेऱ्याला त्वचारोग कळतो का? नायटा, पांढुरका चट्टा आणि गळणारी नखं

मांडीवर गोल चट्टा उठला, खाज सुटली, की आता आधी फोन बाहेर निघतो. फोटो काढायचा, गूगल लेन्समध्ये टाकायचा, नाहीतर एखाद्या एआय चॅटबॉटला विचारायचं, ‘हे काय आहे?’ मग जे नाव येईल त्याची ट्यूब मेडिकलमधून आणायची. यवतमाळ जिल्ह्यात हे आणखी सोयीचं वाटतं, कारण वणी किंवा उमरखेडहून यवतमाळचं सरकारी मेडिकल कॉलेज गाठायचं म्हणजे शंभरेक किलोमीटरचा प्रवास आणि एका दिवसाची मजुरी. फोन मात्र खिशातच असतो.

मला असे फोटो सारखे येतात. मी डॉक्टर नाही, फोन आणि ॲप यांवर लिहितो, म्हणून लोक विचारतात, ‘कोणतं ॲप चांगलं?’ या लेखात मी त्याच्या आधीच्या प्रश्नाचं उत्तर देतोय: कॅमेऱ्याला नेमकं काय दिसतं, आणि त्वचारोगतज्ज्ञ जे बघतात त्यातलं काय कॅमेऱ्यात येतच नाही. थोडक्यात सांगायचं तर कॅमेरा रंग आणि आकार टिपतो. चट्ट्याला स्पर्श कळतो का, त्याच्या खपलीत बुरशी आहे का, रक्तात काय साठलंय, हे तो टिपू शकत नाही. आपल्या भागातले तीन आजार नेमके या तीन गोष्टींवर अडतात.

ॲप चट्टा कसा ‘ओळखतं’?

या सगळ्या ॲपच्या मागे एकच कल्पना आहे. हजारो-लाखो फोटो, प्रत्येकावर आजाराचं नाव, आणि त्यांतून नमुने शिकणारा प्रोग्रॅम. नवा फोटो आला की तो आधीच्या फोटोंपैकी कशाशी जुळतो हे टक्क्यांत काढलं जातं. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने ‘नेचर’ या नियतकालिकात असा प्रयोग छापला आणि तो जगभर गाजला. १,२९,४५० फोटोंवर शिकवलेला प्रोग्रॅम त्वचेचा कॅन्सर ओळखण्यात २१ त्वचारोगतज्ज्ञांच्या तोडीला उतरला होता.

गंमत नंतर कळली. त्याच कामाशी संबंधित संशोधकांनी पुढे लिहिलं की फोटोत मोजपट्टी दिसली की प्रोग्रॅम तो डाग कॅन्सरचा असल्याचं जास्त वेळा सांगत होता. कारण साधं आहे. डॉक्टरांना ज्या डागाचा संशय येतो त्याच्याच शेजारी ते मोजपट्टी ठेवून फोटो काढतात. प्रोग्रॅमने डागाबरोबर मोजपट्टीसुद्धा शिकून घेतली. तो मूर्ख नव्हता. त्याला दिलेल्या फोटोंत जे होतं तेच त्याने शिकलं.

आता आपला प्रश्न असा की त्या फोटोंत कुणाची कातडी होती? बहुतेक मोठे संग्रह अमेरिका-युरोपातले, म्हणजे गोऱ्या त्वचेचे. त्वचेच्या रंगाचे सहा प्रकार मानणारी फिट्झपॅट्रिक पट्टी डॉक्टर वापरतात. त्यात आपल्याकडचे बहुतेक लोक चौथ्या-पाचव्या प्रकारात येतात, उन्हात राबणारे त्याच्याही पुढे. २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्याच संशोधकांनी वेगवेगळ्या रंगांच्या त्वचेचे, बायॉप्सी करून खात्री केलेले ६५६ फोटो गोळा केले आणि प्रसिद्ध प्रोग्रॅमची परीक्षा घेतली. गडद त्वचेवर त्यांचे गुण घसरले.

यामागचं साधं कारण तुम्हाला घरीच दिसेल. इंटरनेटवर बघाल तिथे ‘लालसर चट्टा’ असं लिहिलेलं असतं. सावळ्या त्वचेवर तीच सूज लाल न दिसता तपकिरी, जांभळट किंवा काळपट दिसते. ‘लाल नाही, म्हणजे ते नसेल’ असं ठरवणारे मी खूप पाहिलेत. शिवाय आपल्या फोनचे कॅमेरे खोटं बोलायला शिकवलेले असतात. ब्यूटी मोड त्वचा गुळगुळीत करतो, म्हणजे खपली पुसली जाते. एआय सीन मोड रंग उजळवतो. ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत निळसर झाक येते, पिवळ्या बल्बखाली सगळंच तांबूस. एकाच चट्ट्याचे दोन फोटो, एक सकाळी खिडकीजवळ आणि एक रात्री बल्बखाली, लेन्समध्ये टाकून बघा. उत्तरं सारखीच येतील याचा भरवसा धरू नका.

गूगलने जून २०२३ मध्ये लेन्समध्ये त्वचेचे फोटो शोधायची सोय आणली, तेव्हाच हे निदान नाही, दिसायला सारखे फोटो दाखवणं आहे असं सांगितलं होतं. ती सूचना वाचतो कोण, हा भाग वेगळा.

नायटा: ट्यूबने चेहरा बदललेला आजार

आपल्याकडे सगळ्यात जास्त फोटो याचे. नायटा म्हणा, गजकर्ण म्हणा, हा त्वचेच्या वरच्या थरावर जगणाऱ्या बुरशीचा आजार आहे. त्वचा, केस आणि नखं तिघंही केराटिन नावाच्या प्रथिनाची बनलेली असतात आणि या बुरशीचं अन्नच केराटिन. म्हणून ती तिन्हीकडे होते. घाम, ओल आणि घट्ट कपडे तिला मानवतात. मे महिन्यात पारा ४४-४५ वर, अंगात सिंथेटिक जीन्स, दिवसभर बाइक किंवा शेतातलं काम, आणि घरात सगळ्यांना मिळून दोन टॉवेल. तिला आणखी काय पाहिजे?

पुस्तकातला नायटा ओळखायला सोपा असतो. गोल कडं, कडा उचललेली आणि खपलीची, मधला भाग जरा साफ. असा फोटो ॲपने बरोबर ओळखला तर मला आश्चर्य वाटणार नाही. अडचण अशी की डॉक्टरांपर्यंत पोचणारा नायटा हल्ली पुस्तकातल्यासारखा राहिलेला नसतो. त्याला कारण ट्यूब.

मेडिकलवर ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हटलं की बऱ्याचदा तीन-चार औषधांचं मिश्रण मिळतं. त्यात एक बुरशीविरोधी औषध, एक-दोन अँटिबायोटिक आणि एक कडक स्टेरॉइड. स्टेरॉइड हे वाईट औषध नाही. एक्झिमा, सोरायसिस अशा आजारांत ते डॉक्टरांच्या देखरेखीत फार उपयोगी पडतं. पण त्याचं काम शरीराची सूज आणि प्रतिकार दाबणं. नायट्यावर लावलं की दोन दिवसांत खाज जाते, रंग उतरतो, माणूस खूश. खाली बुरशी मात्र आता पहारेकऱ्याशिवाय पसरत असते. ट्यूब बंद केली की आजार दुप्पट जोराने वर येतो, म्हणून पुन्हा ट्यूब. महिनोन्महिने हे चक्र चालतं. जांघेत कातडी पातळ होऊन पोटावर बाळंतपणानंतर दिसतात तशा रेघा पडतात, आणि त्या रेघा कायमच्या राहतात. माझ्या ओळखीच्या एका कॉलेजच्या पोराने अशी ट्यूब आठ महिने वापरली. ज्या दुकानातून घेतली तिथे एकदाही कुणी चिठ्ठी मागितली नाही.

स्टेरॉइडने नायट्याचं रूपही बदलतं. कडा पुसट होते, कड्यात कडी दिसायला लागतात, कधी चट्टा एक्झिमासारखा, कधी सोरायसिससारखा दिसतो. डॉक्टरांनी याला नावच दिलंय: टीनिया इनकॉग्निटो, म्हणजे वेश बदललेला नायटा. हे नाव १९६८ सालचं आहे, तेव्हा ही अडचण काही आजची नाही. आता विचार करा, अनुभवी डोळ्यालाही जो वेश फसवतो, त्याचा फोटो ॲपला दिला तर ते काय करणार? त्याच्याकडे शिकवणीला आलेले फोटो स्वच्छ, ट्यूब न लावलेल्या आजाराचे असण्याचीच शक्यता जास्त. ते आत्मविश्वासाने ‘एक्झिमा’ सांगेल, आणि एक्झिमाचं औषध म्हणजे पुन्हा स्टेरॉइड.

डॉक्टर काय करतात ते ऐकण्यासारखं आहे, कारण त्यात महागडं काहीच नाही. चट्ट्याच्या कडेची खपली बोथट पात्याने काचपट्टीवर खरवडतात, तिच्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. हे रसायन केराटिन विरघळवतं, पण बुरशीचं कवच तेवढ्यात विरघळत नाही. थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकाखाली पारदर्शक पेशींमधून फांद्या फुटलेल्या तंतूंसारखी बुरशी दिसते. नखाच्या बुरशीलाही हीच तपासणी, फक्त नख कडक असल्यामुळे वेळ जास्त. साधा सूक्ष्मदर्शक, एक काच, एक थेंब. लाखो फोटोंवर शिकलेल्या ॲपपेक्षा हा थेंब जास्त खात्रीने सांगतो, कारण तो बुरशी दाखवतो. फोटोत दिसतात ते बुरशीने केलेले व्रण.

बरं, बुरशी आहे हे कळलं तरी गोष्ट संपत नाही. गेल्या दहाएक वर्षांत भारतात नायटा औषधाला दाद देईनासा झाला. २०२० मध्ये जपानच्या संशोधकांनी एका बुरशीला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नाव दिलं. नमुने भारत आणि नेपाळहून आलेल्या रुग्णांचे होते, म्हणून नावात ‘इंडो’. नायट्यावरचं सगळ्यात भरवशाचं औषध टर्बिनाफिन हे बुरशीच्या एका एन्झाइमला अडवतं, त्यामुळे तिला आपल्या पेशींचं आवरण बांधता येत नाही. या नव्या बुरशीच्या पुष्कळ नमुन्यांत त्या एन्झाइमच्या जनुकातच बदल झालेला आढळतो. कुलूप बदललं, किल्ली तीच राहिली. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने न्यूयॉर्कमध्ये तिचे पहिले दोन रुग्ण नोंदवले, आणि तिकडेही बातम्या झाल्या. आपल्या गावात घरटी चालू असलेला आजार विमानाने तिकडे पोचल्यावर बातमी झाला, एवढंच.

बुरशी टर्बिनाफिनला दाद देणारी आहे की नाही हे कोणत्याही फोटोतून कळत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत वाढवावा लागतो, नाहीतर डॉक्टर काही आठवडे औषध देऊन फरक बघतात आणि गरज पडली तर इट्राकोनॅझोलसारख्या दुसऱ्या गोळीकडे वळतात. म्हणून ‘मित्राला ही गोळी लागू पडली’ हा सल्ला इथे चालत नाही.

उपचाराचं म्हणाल तर सगळ्यात जास्त लोक एकाच ठिकाणी चुकतात: खाज थांबली की औषध थांबवतात. लावायच्या बुरशीविरोधी मलमासाठी त्वचारोगतज्ज्ञ सांगतात तो दोनाचा हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे. दिवसातून दोनदा, चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे. हा ढोबळ हिशेब आहे, मलमाप्रमाणे डॉक्टर तो बदलतात. घरात ज्याला ज्याला आहे त्या सगळ्यांचा इलाज एकदम व्हायला पाहिजे, नाहीतर बुरशी टॉवेल, चादर आणि चड्ड्यांमधून घरभर फिरत राहते. कपडे गरम पाण्यात धुवून उन्हात उलटे वाळवायचे. ऊन तरी आपल्याकडे फुकट आहे. लसूण घासणं आणि बॅटरीचं पाणी लावणं हे प्रकार करू नका. त्यांनी कातडी भाजते आणि मग डॉक्टरांनाही खाली काय होतं ते दिसत नाही.

आता फोनचा खरा उपयोग सांगतो. कॅमेरा चट्टा ओळखण्यात कच्चा असला तरी अक्षरं वाचण्यात पटाईत आहे. घरातली ट्यूब घ्या, मागच्या बारीक अक्षरांवर लेन्स धरा आणि घटकांची नावं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही दिसलं तर ते स्टेरॉइड. शेवटी ‘नॅझोल’, ‘मॅझोल’ असलेली नावं, म्हणजे क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल, ल्युलिकोनॅझोल ही बुरशीविरोधी. निओमायसिन, जेंटामायसिन हे अँटिबायोटिक. तिन्ही एकाच ट्यूबमध्ये असतील तर ती डॉक्टरांनी लिहून दिलेली नसताना लावू नये. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची १४ स्टेरॉइड औषधं शेड्यूल ‘एच’मध्ये टाकली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे. आधीच लावून झालं असेल आणि बरेच आठवडे झाले असतील, तर हे वाचून एकदम बंद करण्याआधी डॉक्टरांशी बोला, आणि ट्यूबचा फोटो त्यांना दाखवा. चट्ट्याच्या फोटोपेक्षा त्यांना तो जास्त कामाचा.

पांढुरका चट्टा: जिथे बोट लागतं

दुसरा आजार कुष्ठरोग. तरुण वाचकांना वाटतं, हे जुनं प्रकरण आहे. वणीहून वर्धा नदी ओलांडली की वरोरा, तिथलं बाबा आमट्यांचं आनंदवन सगळ्यांना माहीत असतं. अमरावतीचं तपोवन आणि वर्ध्याजवळचं दत्तपूर त्याच्याही आधीचं. या संस्था आपल्या विदर्भात उगाच उभ्या राहिल्या नाहीत. आजार संपलेला नाही. म्हणूनच आशाताई अजूनही घरोघरी येऊन ‘अंगावर चट्टा आहे का?’ विचारतात.

सुरुवात बहुधा फिकट किंवा तांबूस चट्ट्याने होते. तो खाजत नाही, दुखत नाही, म्हणूनच कुणी लक्ष देत नाही. फोटोत तो शिब्यासारखा दिसेल, लहान मुलांच्या गालावरच्या पांढऱ्या डागांसारखा दिसेल, कधी कडं असेल तर चक्क नायट्यासारखा. फरक आहे तो संवेदनेत. कुष्ठरोगाचा जंतू मज्जातंतूंवर हल्ला करतो, म्हणून चट्ट्यावर स्पर्श, गरम-गार किंवा दुखणं कमी कळतं. तपासणी अशी: डोळे मिटायचे, दुसऱ्याने कापसाच्या वातीचं टोक कधी चट्ट्यावर, कधी शेजारच्या चांगल्या त्वचेवर अलगद टेकवायचं, आणि टेकलं की बोटाने जागा दाखवायची. कापूस तर यवतमाळ जिल्ह्यात घरोघर सापडेल. चट्ट्यावर टेकलेलं कळत नसेल तर थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं. कळत असेल तरी महिनोन्महिने न जाणारा चट्टा दाखवायचाच, कारण चेहऱ्यावरच्या चट्ट्यात संवेदना शाबूत राहू शकते. पांढरं कोड हा तर वेगळाच विषय, तो दुधासारखा पांढरा असतो आणि त्यावर स्पर्श नीट कळतो.

एआयवाल्यांनीही इथे प्रयत्न केलाय आणि त्याचा निकाल मला फार बोलका वाटतो. ब्राझीलमध्ये कुष्ठरोग भरपूर आहे. तिथल्या संशोधकांनी २०२२ मध्ये २२२ रुग्णांचे १,२२९ फोटो आणि त्यांच्या तपासणीची माहिती एकत्र करून एक प्रोग्रॅम तयार केला. सुमारे ९० टक्के वेळा तो बरोबर निघाला. पण त्याला सगळ्यात जास्त मदत झालेल्या गोष्टींमध्ये होतं काय? चट्ट्यावर गरम-गार कळतं की नाही याचं उत्तर. म्हणजे मशीनलाही कुणीतरी आधी रुग्णाच्या अंगाला हात लावून विचारावं लागलं.

उपचार सोपा आणि मोफत आहे. एमडीटी नावाची गोळ्यांची पाकिटं सरकारी दवाखान्यात मिळतात, आजाराच्या प्रकाराप्रमाणे सहा महिने किंवा एक वर्ष. औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत संसर्ग पसरण्याची भीती जवळजवळ राहत नाही. यातल्या क्लोफॅझिमीनने त्वचा काही काळ काळपट होते, त्याला घाबरून गोळ्या सोडू नयेत. उशीर झाला तर मात्र बोटं वाकडी होणं, पायाला न कळणाऱ्या जखमा होणं हे नुकसान गोळ्यांनी भरून येत नाही. जंतू फार हळू वाढतो, त्याला दुप्पट व्हायलाच बारा-चौदा दिवस लागतात, आणि लागण झाल्यापासून लक्षण दिसेपर्यंत वर्षं जातात. आज दिसलेला चट्टा कधीच्या लागणीचा, हे सांगता येत नाही, तेव्हा कुणाला दोष देत बसू नका.

केस आणि नखं: बुलढाण्याने काय शिकवलं

जानेवारी २०२५ मधले ते व्हिडिओ तुम्ही पाहिले असतीलच. बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे आपल्याच अमरावती विभागात, शेगाव तालुक्यातलं बोंडगाव आणि आजूबाजूची गावं. डोक्याला खाज, आणि दोन-तीन दिवसांत मूठभर केस हातात. बघता बघता टक्कल. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात १८ गावांतल्या २७९ जणांना हा त्रास झाला. कॉलेजच्या मुली, शाळकरी पोरं, म्हातारी माणसं, सगळे.

व्हॉट्सॲपवर लगेच निदानं सुरू झाली. शाम्पू, बुरशी, ‘टक्कल व्हायरस’. पाण्यावरही संशय गेला, आणि तो अगदीच निराधार नव्हता, कारण काही गावांच्या पाण्यात नायट्रेट आणि क्षार जास्त आढळले होते. पण टकलाचा फोटो टकलाचाच असतो. बुरशीने गेलेले केस, चाईचे, तापानंतर गळालेले आणि विषबाधेने गळालेले, हे लांबून काढलेल्या व्हिडिओत वेगळे ओळखणं अवघड आहे. कोडं सुटू लागलं ते रक्त, लघवी, केस, पाणी आणि धान्य यांच्या नमुन्यांतून. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचं पथक आलं, आणि रुग्णांच्या शरीरात सेलेनियम जास्त आढळलं.

विंचूदंशावरच्या संशोधनासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही स्वतंत्रपणे नमुने तपासून घेतले. त्यांच्या सांगण्याप्रमाणे रुग्णांच्या रक्तात सेलेनियम ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट वाढलेलं होतं, झिंक मात्र बरंच कमी. त्यांचा रोख रेशनवर आलेल्या गव्हाकडे होता. न धुतलेल्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम आणि धुतलेल्यात १३.६१ मिलिग्रॅम सेलेनियम निघालं, जिथे १.९ ही वरची मर्यादा मानली जाते. धुवूनही फारसं कमी झालं नाही, याचा अर्थ ते वर लागलेलं नव्हतं, दाण्यातच होतं. पंजाबमधल्या होशियारपूर-नवांशहर पट्ट्यातल्या काही जमिनींत सेलेनियम जास्त आहे हे शेतीशास्त्रज्ञांना पूर्वीपासून माहीत आहे. चीनच्या एन्शी भागात १९६० च्या दशकात अशाच धान्याने लोकांचे केस आणि नखं गेली होती.

हा विषय या लेखात बसतो तो नखांमुळे. काही महिन्यांनी बुलढाण्यातल्या त्याच गावांतून नखं कमकुवत होऊन गळत असल्याच्या बातम्या आल्या, आणि लोकांना वाटलं दुसरा आजार आला. हिशेब बघा. केराटिनमध्ये गंधकाचे सांधे असतात, त्यांनी ते बळकट राहतं. जादा सेलेनियम गंधकाची जागा घेतं आणि सांधा कच्चा होतो. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, मुळापासून टोकापर्यंत यायला सहाएक महिने. मुळाशी झालेलं नुकसान बाहेर दिसायला म्हणूनच वेळ लागतो. केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतात. त्यामुळे केस आणि नखं ही शरीराची मागच्या काही महिन्यांची नोंदवही असते, पण ती वाचायला प्रयोगशाळेतलं यंत्र लागतं. अनेक जणांचे केस पुढे परत उगवायला लागले, ही चांगली बातमी व्हिडिओवाल्यांनी फारशी पसरवली नाही.

तुमच्या गावात एकदम पाच-दहा जणांना सारखाच त्रास सुरू झाला, मग तो केसांचा असो की खाजेचा, तर स्टेटस टाकण्याआधी आशाताई किंवा आरोग्य केंद्राला कळवा. एका माणसाचा चट्टा हा त्याचा आजार असतो, दहा जणांचा एकदम उठलेला चट्टा हा तपासाचा विषय असतो, आणि त्या तपासाला पाण्या-धान्याचे नमुने ताजे लागतात.

मग फोटो काढायचा तरी कशाला?

डॉक्टरसाठी. एवढ्या लांबच्या जिल्ह्यात चांगला फोटो एक चक्कर वाचवू शकतो. केंद्र सरकारची ई-संजीवनी ही सेवा मोफत आहे. ॲपवर किंवा वेबसाइटवर मोबाइल नंबर टाकून ओटीपीने आत जायचं आणि डॉक्टरशी व्हिडिओवर बोलायचं. नेटवर्क धड नसेल तर गावच्या आरोग्यवर्धिनी केंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी तिथूनच मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरशी जोडून देतात. यवतमाळचं श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, शेजारच्या वर्ध्यात सेवाग्राम आणि सावंगी, इथे त्वचारोग विभाग आहेत. खपली तपासायची असेल तर तिथे जावंच लागेल, पण जायचं की नाही हे आधी ठरवता येतं.

फोटो दिवसा, खिडकीजवळ, थेट ऊन न घेता काढा. ब्यूटी आणि फिल्टर बंद, फ्लॅश बंद. पहिला फोटो जरा लांबून, म्हणजे चट्टा अंगावर कुठे आहे ते कळेल, दुसरा जवळून, पण स्क्रीनवर चट्ट्यावर बोट ठेवून फोकस झाल्याशिवाय बटण दाबायचं नाही. स्वस्त फोनमधली दोन मेगापिक्सेलची मॅक्रो लेन्स विसरा, मुख्य कॅमेऱ्याने थोडं मागून काढलेला फोटो जास्त स्वच्छ येतो. शेजारी मोजपट्टी नाहीतर एक रुपयाचं नाणं ठेवा. ॲप त्याने गोंधळेल, डॉक्टरांना आकार कळेल. फोटोआधी मलम, हळद, पावडर काही लावू नका. व्हॉट्सॲपवर पाठवताना गॅलरीतून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर फोटो दाबला जातो आणि खपली गायब. सोबत लिहा: कधीपासून, खाजतं की नाही, स्पर्श कळतो का, घरात आणखी कुणाला, आतापर्यंत काय काय लावलं. दर आठवड्याला त्याच जागी, त्याच उजेडात एक फोटो काढून ठेवलात तर उपचाराने फरक पडतोय का हे तुम्हालाच दिसेल. हे काम फोन माणसाच्या आठवणीपेक्षा चांगलं करतो.

जांघेचे फोटो काढताना एक लक्षात ठेवा: बॅकअप चालू असेल तर ते आपोआप क्लाउडवर जातात, आणि फोन भावाच्या हातात गेला की गॅलरीतही दिसतात. गूगल फोटोजमध्ये ‘लॉक्ड फोल्डर’ आहे, तिथे हलवा, काम झालं की पुसा. अनोळखी त्वचा-तपासणी ॲप फोटोचं काय करतं हे त्याच्या अटींत लिहिलेलं नसेल तर त्याला फोटोची परवानगी देऊ नका. लहान बाळाच्या गुप्तांगावर पुरळ असेल तर फोटो न काढता बाळालाच दाखवायला न्या. २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वडिलांनी नर्सच्या सांगण्यावरून मुलाचा असा फोटो डॉक्टरसाठी काढला होता. तो क्लाउडवर गेला, गूगलच्या यंत्रणेने त्याला बाललैंगिक शोषणाचा फोटो ठरवलं आणि खातं बंद केलं. पोलिसांनी त्यांना निर्दोष ठरवलं, तरीही खातं परत मिळालं नाही. मेल, नंबर, मुलाचे सगळे जुने फोटो, सगळं गेलं.